जवनिकांतील अकाली ठोक्यांचे उगमस्थान कसे शोधावे?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड व परभणी जिल्ह्यांतील पुष्कळांची झोप भूकंपाच्या दोन धक्क्यांनी मोडली. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा होता. काही मिनिटांनी आलेला दुसरा ३.६ तीव्रतेचा. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांस जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांची त्यापूर्वीच कित्येक वर्षांची ओळख होती. असा धक्का बसला म्हणजे प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : हा आला कोठून? जमिनीच्या पोटात उतरून कोणी पाहिलेले नसते. तरीही निरनिराळ्या ठिकाणच्या भूकंपलेखकांनी काढलेल्या रेषा समोर ठेवून शास्त्रज्ञ नकाशावर एक बिंदू दाखवितात. हृदयाच्या जवनिकांतून एखादा ठोका अवेळी उठतो तेव्हा वैद्यापुढे असलेला प्रश्न ह्याच जातीचा आहे. छाती न उघडता, शरीराच्या पृष्ठभागावर मिळणाऱ्या रेषांवरून, तो ठोका स्नायूच्या कोणत्या भागात जन्मला हे सांगावयाचे असते. प्रस्तुत लेखात हे निदान कोणत्या तत्त्वावर उभे आहे, ते कोठे फसते, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात त्याचे महत्त्व विशेष का आहे, ह्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ह्या दोन प्रश्नांतील एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याची गफलत येथेच होते. भूकंपशास्त्रज्ञाच्या हाती काळ असतो. लाट एका केंद्रावर आधी पोचते, दुसऱ्यावर काही सेकंदांनी. त्या अंतरावरून उगम काढता येतो. औंढा नागनाथजवळ उभारल्या जात असलेल्या लायगो-इंडिया ह्या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेचे एक प्रयोजनही हेच आहे. एकच तरंग पृथ्वीवरील दूरदूरच्या वेधशाळांत किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचला, ह्यावरून तो आकाशाच्या कोणत्या भागातून आला ते ठरवावयाचे. हृदयाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. स्नायूतील उद्दीपनाची लाट मंद असली तरी तिच्यामुळे निर्माण होणारे विद्युत्क्षेत्र मनगटावर, घोट्यावर व छातीवर व्यवहारतः एकाच क्षणी प्रकट होते. तेव्हा कोणत्या विद्युत् अग्रावर आधी आणि कोणत्यावर नंतर, असा प्रश्नच उरत नाही. उरते ती केवळ दिशा. बारा लीड म्हणजे एकाच घटनेकडे बारा बाजूंनी पाहणारे बारा साक्षीदार होत. ते सर्व एकाच क्षणी पाहतात. मात्र प्रत्येकाला लाट आपल्याकडे येताना किंवा आपल्यापासून दूर जाताना दिसते.

'काळजाचा ठोका चुकला' असे आपण सहज बोलून जातो. शरीरक्रियेच्या दृष्टीने हे वर्णन उलटे आहे. ठोका चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. त्या वेळी जवनिका पुरत्या भरलेल्या नसल्याने नाडीला तो बहुधा लागत नाही. त्यानंतर एक लांब विराम येतो, आणि विरामानंतरचा पुढचा ठोका अधिक रक्त लोटीत असल्याने छातीत धडकन आदळतो. रोग्याला जाणवतो तो हा विराम आणि ही धडक. नित्याचा ठोका उजव्या कर्णिकेतील सायनस गाठीत निघतो, हिसच्या जुडग्यातून उजव्या व डाव्या शाखांत उतरतो, आणि पुर्किंजे तंतूंच्या जाळ्याने दोन्ही जवनिकांच्या आतल्या अस्तरावर जवळजवळ एकदम पसरतो. ह्या तंतूंतील वेग सेकंदास दोन ते चार मीटर इतका असतो. म्हणून जवनिकांचे संपूर्ण उद्दीपन सुमारे ०.०८ ते ०.१० सेकंदांत उरकते व क्यू-आर-एस तरंगसमूह अरुंद राहतो. काही ग्रंथांत ज्यांस निलय म्हटले आहे त्या जवनिकांच्या स्नायूतच एखादा ठोका उगवला, तर त्याला हा राजमार्ग लाभत नाही. स्नायुपेशींतून पेशींत, सेकंदास अर्ध्या मीटरच्या आसपास वेगाने, पायवाटेने जावे लागते. परिणामी तरंगसमूह ०.१२ सेकंदांहून रुंद व बेढब होतो. ह्या बेढबपणातच उगमाचा पत्ता लिहिलेला असतो.

तत्त्व साधे आहे. उद्दीपनाची लाट ज्या अग्राकडे येते तेथे रेषा वर जाते. ज्याच्यापासून दूर जाते तेथे खाली. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरी भुसा कोणीकडे पडतो हे पाहून वारा कोणीकडून येतो ते सांगतो, तोच न्याय येथे लागू आहे. जी लीड आरंभापासून सर्वस्वी ऋण दिसते तिच्या बाजूस उगम, आणि जी सर्वांत धन दिसते ती उगमाच्या समोरची बाजू.

गणिताच्या दृष्टीने हे इतके सरळ नाही, हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखविले होते. वाहक पदार्थाच्या पृष्ठभागावरील विभव संपूर्ण ज्ञात असला तरी आतील विद्युत्स्रोतांची मांडणी एकमेव ठरत नाही. निरनिराळ्या मांडण्या बाहेर तोच विभव उत्पन्न करू शकतात. मग आपले निदान चालते कसे? कारण अकाली ठोक्याविषयी आपणांस एक जास्तीची गोष्ट ठाऊक असते : तो एका लहानशा जागेतून निघतो आणि तेथून अखंड पसरत जातो. ह्या गृहीताने अनंत शक्यतांतील बहुतेक गळून पडतात. जेथे हे गृहीत ढासळते तेथे निदानही ढासळते. त्याचे उदाहरण पुढे येईल.

ह्या शास्त्राच्या इतिहासात एक प्रमाद असा झाला की त्याची आठवण प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी. १९०९-१० च्या सुमारास एपिंगर व रोटबर्गर ह्यांनी कुत्र्याच्या हृदयात हिसच्या जुडग्याच्या शाखा तोडून कोणत्या छेदाने कोणता आलेख मिळतो ते नोंदविले. प्रयोग निर्दोष होता. परंतु त्यावरून मनुष्याच्या आलेखांस जी नावे देण्यात आली ती नेमकी उलटी ठरली. उजव्या शाखेच्या रोधास डावा आणि डाव्याच्या रोधास उजवा म्हणण्याचा प्रघात पडला व तो सुमारे वीस वर्षे टिकला. कुत्र्याची छाती व तीमधील हृदयाची ठेवण मनुष्याहून भिन्न, ही बाब पुरेशी ध्यानात घेतली गेली नव्हती. केवळ हातापायांच्या तीन लीडवर भिस्त ठेवल्याने चूक पकडण्यास साधनही नव्हते. अखेर १९३० मध्ये बार्कर, मॅक्लाउड व शल्यवैद्य अलेक्झांडर ह्यांनी शस्त्रक्रियेमुळे उघड्या झालेल्या एका रोग्याच्या हृदयावर ठिकठिकाणी विद्युत्‌स्पर्श करून अकाली ठोके उत्पन्न केले व प्रत्येक जागेचा आलेख घेतला. उजव्या जवनिकेस डिवचले असता मिळणारा आलेख हा आजवर उजव्या शाखेच्या रोधाचा समजला जात असलेलाच आलेख होता. त्याच सुमारास त्याच परंपरेतील फ्रँक विल्सन ह्यांनी छातीवरील लीडच्या साहाय्याने हा उलगडा पक्का केला. आज आपण जी रीत वापरतो तिचा पाया अशा रीतीने मनुष्याच्या हृदयात मुद्दाम उठविलेल्या अकाली ठोक्यांवर घातला गेला आहे. माझ्या मते ह्या प्रकरणाचा बोध 'कुत्र्यावरील प्रयोगांवर विश्वास ठेवू नये' इतका उथळ नाही. आलेख स्वतः कधीच जागा सांगत नाही. जागा सांगतो तो आलेख आणि त्या शरीराची रचना ह्यांचा मेळ.

आता वाचनाकडे वळू. प्रथम पाहावयाची ती व्ही-१ लीड. तिचे अग्र छातीच्या हाडाच्या उजव्या कडेस, चौथ्या बरगडीखालील फटीत असते, म्हणजे उजव्या जवनिकेच्या अगदी पुढ्यात. ठोका तेथे प्रामुख्याने ऋण असेल, डाव्या शाखेच्या रोधासारखा दिसत असेल, तर उगम उजव्या जवनिकेत किंवा दोहोंमधील पडद्यात. प्रामुख्याने धन असेल तर उगम डाव्या जवनिकेत. त्यानंतर दुसरी, तिसरी व ए-व्ही-एफ ह्या पायाकडून पाहणाऱ्या लीड. त्या उंच धन असतील तर लाट वरून खाली उतरत आहे, अर्थात् उगम वरच्या भागात. खोल ऋण असतील तर उगम मध्यपटलालगतच्या खालच्या भिंतीत. व्ही-१ पासून व्ही-६ पर्यंत सर्वत्र धन तरंग असला तर उगम झडपांच्या कड्याजवळ, म्हणजे हृदयाच्या मागील व वरील बाजूस. सर्वत्र ऋण असला तर टोकाकडे. पहिली लीड व ए-व्ही-एल डाव्या बाजूच्या बाह्य भिंतीची साक्ष देतात. एवढ्यावर बहुतेक ठोक्यांचा प्रांत ठरतो. गाव मात्र ठरत नाही.

गाव ठरविण्याची खरी कसोटी लागते ती निर्गममार्गांच्या प्रदेशात. ज्यांचे हृदय अन्यथा निरोगी आहे अशा तरुण व मध्यमवयीन माणसांतील अकाली ठोके बहुतकरून येथूनच उठतात. म्हणून ह्या भागाकडे थोडे सविस्तर पाहू. उजव्या जवनिकेचा निर्गममार्ग फुप्फुस रोहिणीकडे जातो, डाव्याचा महारोहिणीकडे. नावावरून पहिला उजवीकडे व दुसरा डावीकडे असावा असे वाटते. वस्तुतः उजवा मार्ग महारोहिणीच्या पुढून वळसा घालून डावीकडे जातो, आणि फुप्फुस रोहिणीची झडप महारोहिणीच्या झडपेहून किंचित वर व डावीकडे असते. सारांश, येथे 'उजवे' म्हणजे पुढचे आणि 'डावे' म्हणजे मागचे. दोहोंमधील भिंत काही ठिकाणी अवघ्या काही मिलिमीटरांची आहे. दोन्ही जागांचे ठोके वरून खाली उतरत असल्याने दुसऱ्या, तिसऱ्या व ए-व्ही-एफ लीडमध्ये सारखेच उंच दिसतात. भेद दिसतो तो छातीवरील लीडमध्ये. मागून, म्हणजे महारोहिणीच्या मुळापासून, निघालेली लाट छातीच्या पुढच्या भिंतीकडे येते, म्हणून व्ही-१, व्ही-२ मध्येच धन तरंग मोठा होऊ लागतो. पुढच्या बाजूस, उजव्या मार्गात निघालेली लाट छातीपासून दूर जाते, म्हणून धन तरंग व्ही-४ पर्यंत वा त्याहून पुढे लांबतो. ऋणाचे धन जेथे होते त्या लीडला संक्रमणाची लीड म्हणतात. संक्रमण व्ही-२ च्या आत झाले तर डावा मार्ग, व्ही-४ वा पुढे झाले तर उजवा, असे बऱ्याच भरवशाने सांगता येते. व्ही-३ वर झाले तर दोन्ही शक्य, आणि दुर्दैवाने असे रोगी थोडे नाहीत.

ह्या पेचातून निघण्याची जी युक्ती आहे ती मला वर सांगितलेल्या १९३० च्या धड्याची सरळ वारस वाटते. प्रत्येकाच्या छातीत हृदय थोडे निराळे वळलेले असते. तेव्हा अकाली ठोक्याची तुलना कोण्या सरासरी मनुष्याशी न करता त्याच कागदावरील त्याच रोग्याच्या नित्याच्या ठोक्याशी करावी. अकाली ठोक्याचे संक्रमण नित्याच्या ठोक्याच्याही नंतर होत असेल तर उगम डाव्या मार्गात असण्याचा संभव जवळजवळ नाहीसा होतो. फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ह्याला अंकाचे रूप दिले. व्ही-२ लीडमध्ये अकाली ठोक्याच्या तरंगाचा धन भाग एकंदर उंचीच्या किती अंश आहे ते काढावे, तेच नित्याच्या ठोक्यासाठी काढावे, आणि पहिल्यास दुसऱ्याने भागावे. भागाकार ०.६ किंवा अधिक आला तर डावा मार्ग संभाव्य. येथे रोग्याचे स्वतःचे शरीरच मोजपट्टी बनते.

हा केवळ बौद्धिक कोड्याचा विषय नाही. उपचाराच्या वेळी उजव्या मार्गात जावयाचे तर मांडीतील नीलेतून कॅथेटर सरकवितात; डाव्या मार्गात जावयाचे तर बहुधा रोहिणीतून, महारोहिणीच्या झडपेपर्यंत. त्या झडपेच्या पाकळ्यांवरच हृद्‌रोहिणींची मुखे उघडतात, म्हणून तेथे उष्णता देण्यापूर्वी ती मुखे किती दूर आहेत हे क्ष-किरणचित्राने पाहावे लागते. आधीच दिशा कळली असेल तर रोग्यास धोक्याची पूर्ण कल्पना देता येते आणि वैद्यही तयारीनिशी जातो.

लाट हृदयाच्या बाह्य पृष्ठावर उगवली असेल तर तिला आतल्या पुर्किंजे जाळ्यापर्यंत पोचण्यास विलंब लागतो. तेवढ्या वेळात तरंगाचा आरंभ रेंगाळलेला दिसतो. हा रेंगाळा ३४ मिलिसेकंद वा अधिक असेल तर बाह्य पृष्ठाचा संशय घ्यावा, असे बेरुएझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सांगितले. ह्याच्या अगदी उलट, डाव्या शाखेच्या मागील उपशाखेत उगवणारे जलद ठोके आश्चर्यकारक अरुंद असतात, कारण ते राजमार्गावरच जन्मतात. उजव्या शाखेच्या रोधासारखे रूप व डावीकडे वर वळलेला अक्ष ही त्यांची खूण होय, आणि ते व्हेरापामिल ह्या औषधास वश होतात. त्यांना कर्णिकांतील विकार समजण्याची चूक पुष्कळदा होते.

आता गृहीत ढासळण्याचे उदाहरण. मराठवाड्यात व कोकणात लाल विंचवाचा दंश ही शेतकऱ्याच्या घरातील ओळखीची आपत्ती आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी ह्या दंशाच्या हृदयावरील परिणामांचा जो दीर्घ अभ्यास केला व प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तो वाचकांस परिचित असेल. विषाने शरीरात ॲड्रिनलिनसदृश द्रव्यांचा लोंढा सुटतो व जवनिकांतून अकाली ठोके उठतात. ते एकाच जागी उगवतील असे नाही. प्रत्येक ठोक्याचे रूप निराळे दिसू लागले की उगमाचा शोध निरर्थक होतो. तेथे रोग जागेत नसून रक्तात आहे. कुंपणाला लावलेली कण्हेर किंवा पिवळी कण्हेर पोटात गेल्यासही असेच होते. ह्या वनस्पतींतील द्रव्ये डिजिटालिसप्रमाणे पेशीतील सोडियमच्या पंपास अडवितात. डिजिटालिसवर्गीय विषबाधेत क्वचित एक विलक्षण आलेख दिसतो : एका आड एक ठोक्याचा अक्ष वर आणि खाली पालटत राहतो, जणू डाव्या शाखेच्या दोन उपशाखा आळीपाळीने उत्तर देत आहेत. असा आलेख पाहून स्थान शोधीत बसणारा विद्यार्थी वेळ गमावतो. त्याने आधी घरच्यांस कुंपणाची चौकशी करावी. तसेच, हृद्‌रोहिणी बंद पडून स्नायूत वण राहिलेला असेल तर त्या वणाभोवती फिरणारी लाट जेथून बाहेर पडते ती जागा आलेख दाखवितो. ते चक्राचे दार असते, त्याचे मूळ नव्हे.

पृष्ठावरून काढलेला निष्कर्ष तपासण्याची साधने विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या ड्युरर ह्यांनी १९७० मध्ये मृत व्यक्तींची हृदये शरीराबाहेर जिवंत ठेवून उद्दीपनाचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. जोसेफसन ह्यांनी त्या दशकात जिवंत रोग्याच्या हृदयात कॅथेटर फिरवून अतिजलद स्पंदनांचे उगम नोंदविले. १९९७ पासून चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने कॅथेटरच्या टोकाची जागा त्रिमितीत दाखविणारी यंत्रे आली. आज प्रयोगशाळेत दोन प्रकारे खात्री करतात. एकात टोकाशी मिळणारा संकेत क्यू-आर-एस तरंगाच्या किती आधी येतो ते पाहतात. वीस-तीस मिलिसेकंद आधी असेल तर जागा जवळ आली. दुसऱ्यात टोकाने स्नायूस डिवचून कृत्रिम ठोका उठवितात व त्याच्या बाराही लीड मूळ अकाली ठोक्याच्या बारा लीडशी ताडून पाहतात. बाराही जुळल्या म्हणजे जागा सापडली. १९३० चा प्रयोगच येथे छाती न उघडता केला जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या दुसऱ्या रीतीतच आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. अशा प्रयोगशाळा सामान्यतः मोठ्या शहरांत असतात. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील रोगी तेथे पोचून टेबलावर निजतो तेव्हा गुंगीच्या औषधाने म्हणा, प्रसंगाच्या दडपणाने म्हणा, त्याचे ठोके पुष्कळदा बेपत्ता होतात. कॅथेटरच्या टोकाशी आधी येणारा संकेत शोधावा तर ठोकाच नाही. मग एकच आधार राहतो : गावाजवळच्या दवाखान्यात कधीतरी काढलेला, अकाली ठोका ज्यात उमटला आहे असा बारा लीडचा कागद. तो नसेल तर कृत्रिम ठोका कशाशी ताडावयाचा? चोवीस तासांच्या ध्वनिमुद्रिकेसारखी असणारी होल्टरची नोंद ठोक्यांची संख्या सांगते, आणि तीही महत्त्वाची आहे, कारण एकूण ठोक्यांपैकी एकपंचमांश वा एकचतुर्थांश अकाली असतील तर निरोगी डावी जवनिका कालांतराने दुबळी होऊ शकते. परंतु दोन-तीन लीडच्या नोंदीवरून उगम ठरत नाही. रोग्याच्या फायलीत सहसा आढळते ती दुसऱ्या लीडची एक लांब पट्टी. तीवरून ठोका वरून खाली उतरला एवढेच समजते. पुढचा आणि मागचा मार्ग ह्यांतील भेद, म्हणजे नीला की रोहिणी हा भेद, तीत नाही.

कागद असला तरी तो काढला कसा ह्यावर सर्व अवलंबून आहे. व्ही-१ व व्ही-२ ही अग्रे एक फट वर लावण्याची सवय फार पसरलेली आहे. स्त्रियांच्या बाबतीत संकोचाने, पुरुषांच्या बाबतीत घाईने. नित्याच्या तपासणीत ती फारशी बाधत नाही. निर्गममार्गाच्या ठोक्यात मात्र अग्र एका फटीने सरकले की धन तरंगाची उंची बदलते, संक्रमण पुढेमागे होते, आणि व्ही-३ च्या सीमेवरील रोगी डावीकडून उजवीकडे जातो. छातीच्या हाडावर बोट फिरविले असता जो आडवा उंचवटा लागतो त्याच्या बाजूस दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्याखालची फट दुसरी, तेथून मोजत चौथीपर्यंत यावे. ह्याला अर्धे मिनिट लागते. जुन्या यंत्रांत लीड तीन-तीनच्या गटांनी एकामागून एक उमटतात, म्हणून अकाली ठोका एकाच गटात सापडतो व उरलेल्या नऊ लीड त्याच्याविषयी मूक राहतात. अशा यंत्रावर प्रत्येक गटात ठोका येईपर्यंत कागद चालू ठेवावा, आणि नित्याचा ठोकाही प्रत्येक गटात असावा, कारण तुलना त्याच्याशीच करावयाची आहे. हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे पुढे कॅथेटर हाती धरतील. परंतु ज्या कागदाशी ते कॅथेटर ताडले जाणार तो वसमतला किंवा औंढ्याला त्यांच्यापैकीच कोणीतरी काढलेला असेल.